मामंजींचं धुणं

प्रार्थनागृहाच्या मागच्या धुणीघरात त्या झग्याला सगळ्या बायका ‘मामंजी’ म्हणत. कारण उघड होतं. तो म्हातारा होता, वजनदार होता, त्याला कसं सांभाळायचं हे प्रत्येकीला सासूनं बजावून सांगितलेलं होतं, आणि वर्षातून एकदा त्याचं सगळं यथासांग करून दिलं तरी त्याच्याकडून कौतुकाचा एक शब्द निघत नसे. गडद लाल लोकरीचा पायघोळ झगा, त्याला पांढरा काठ, आणि काठावर सोनेरी तारेत भरलेली दिव्यांची रांग. मोठ्या प्रार्थनांना धर्मगुरू तो अंगावर घेत तेव्हा मागून दोन माणसं त्याचा घोळ उचलून चालत.

धुणीघराचा कारभार आक्काकडे होता. तिच्या सासूकडून तो तिच्याकडे आला आणि त्याबरोबर मागच्या गल्लीतल्या दोन खोल्याही आल्या. खोल्या प्रार्थनागृहाच्या होत्या. काम आहे तोवर छप्पर, असा साधा हिशेब होता. दोनपैकी एका खोलीला खिडकी होती आणि त्या खिडकीखाली सध्या आक्काची सून पायाखाली उशी घेऊन पडून असे, कारण तिचे दिवस भरत आले होते. मुलगा दूरच्या बंदरात जहाजावरचा माल उतरवायच्या कामाला होता. तो वेळेवर येईल अशी आशा कुणालाच नव्हती. आक्काच्या डोक्यात एकच गोष्ट होती: सुनेचं बाळंतपण या छपराखाली नीट पार पडलं पाहिजे.

आक्काच्या लोकांना तिथे ‘काजळे’ म्हणत. ग्रंथात गोष्ट होती. जगातला पहिला दिवा लागला तेव्हा यांच्या मूळपुरुषानं त्यावर फुंकर घातली. दिवा विझला, काजळी उडून त्याच्या अंगावर बसली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. दुसऱ्या कुणी तरी तो दिवा पुन्हा पेटवला. त्याचे वंशज म्हणजे आतली घराणी. आतल्या घराण्यांचा रंग उजळ होता, घरं दगडी आणि स्वतःच्या नावावर होती, प्रार्थनागृहाच्या जमिनी त्यांच्याच हातात होत्या, आणि दिव्याजवळ फक्त त्यांच्या पुरुषांनी जायचं. काजळ्यांच्या पुरुषांनी अंगणात उभं राहून प्रार्थना ऐकायची. काजळ्यांच्या बायकांनी अंगणाच्या भिंतीबाहेर.

मजुरीचीही तीच तऱ्हा. अर्धी मजुरी रोख मिळे, अर्धी पुण्यात जमा होई, आणि बायकांचं पुण्य नवऱ्याच्या नावावर चढे.

“माझा नवरा दिवसभर पत्ते कुटतो,” चिमणी म्हणायची. धुणीघरातली ही सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत तोंडाळ बाई. “तो मेल्यावर पहिल्या बाकावर जाऊन बसणार. मी जन्मभर साबणात कुजणार, आणि दारात मला विचारणार, बाई, तुम्ही कुणाच्या कोण?”

“तेव्हा सांग, मी यांचे कपडे धुवायला आलेय,” दुसरी एक जण म्हणायची. “लगेच आत घेतील.”

आता प्रश्न असा की, ज्यांच्या हातांना पवित्र वस्तू शिवायची मनाई, त्यांच्याचकडून पवित्र झगा धुऊन कसा घ्यायचा? आतल्या घराण्यांतला कुणी पुरुष हौदात उतरून लोकर तुडवेल हे शक्य नव्हतं. म्हणून जुन्या कुणी शहाण्यानं ‘उतरवणी’ काढली होती. झगा धुवायला देण्याआधी वस्त्रपाल आत दिव्यासमोर काही शब्द म्हणे. त्या शब्दांनी झग्यातलं पावित्र्य काढून ठेवलं जाई. मग खूण म्हणून गळ्यापाशी पांढरा दोरा बांधायचा. दोरा बांधला की तो नुसता कपडा. धुऊन, इस्त्री होऊन परत आला की पुन्हा शब्द, पुन्हा पावित्र्य, आणि दोरा कापायचा.

“दोरा पाहिल्याशिवाय बोट लावायचं नाही,” आक्काची सासू सांगायची, आणि तसं सांगायला तिच्याकडे कारण होतं. तिच्या तरुणपणी एकदा मिरवणूक गल्लीच्या तोंडावरून चालली होती. घोळ उचलणाऱ्याचा पाय घसरला आणि झगा चिखलात जाणार एवढ्यात कडेला उभ्या असलेल्या धुणीघरातल्या एका बाईनं तो वरच्यावर झेलला. सवयीनंच. झग्याला चिखलाचा थेंब लागला नाही. संध्याकाळी त्या बाईचं बिऱ्हाड गाडीवर होतं, आणि तिनं वाचवलेला झगा जाळून टाकला होता. सध्याचा झगा त्याच्यानंतर विणलेला.

त्या वर्षी हिवाळा संपल्यावर नेहमीप्रमाणे मामंजी धुवायला आले. लांब लाकडी फळीवर घडी घालून वस्त्रघराच्या मागच्या दाराशी ठेवलेले. दारात या वेळी थोरले वस्त्रपाल नव्हते. त्यांचा पुतण्या, धाकटा वस्त्रपाल होता. वर्षभरापूर्वीच तो हाताखाली आला होता. शिकून आलेला, बोलायला मऊ, आणि धुणीघरातल्या बायकांना ‘तुम्ही’ म्हणणारा. त्यामुळे बायका त्याच्यापाठी हसत असत.

“थोरले कुठे आहेत?” आक्कानं विचारलं.

“पहाटे छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलंय. मी आता तिकडेच निघालोय, आक्का. तुम्ही हे घेऊन जा. काकांनी सगळं करून ठेवलंय.”

आक्कानं वाकून पाहिलं. गळ्यापाशी पांढरा दोरा होता, थोरल्यांची ती नेहमीची दुहेरी गाठ. तिनं मान हलवली. सहाजणींनी फळी उचलली.

धुणीघर म्हणजे एक लांबट दगडी खोली. छताला काचेचे झरोके, जमिनीत खोदलेले दोन हौद, एक साबणाचा आणि एक स्वच्छ पाण्याचा. लोकर घासत नाहीत, पिळवटत नाहीत. कोमट साबणपाण्यात पायांनी हलकं तुडवतात. सहाजणी कपडे गुडघ्यापर्यंत खोचून हौदात उतरल्या आणि एकमेकींच्या खांद्यांना धरून गोल फिरायला लागल्या. हे काम गप्प राहून कधीच होत नसे.

“मामंजी, कंबर दुखते का? ही घ्या, चेपून देते,” चिमणी म्हणाली आणि टाच रोवली.

“हळू गं. मागच्या वर्षी काठाची तार निघाली होती.”

“निघणारच. वय झालंय त्यांचं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सून आली आणि यांच्या तारा निघाल्या.”

आक्का काठावर उभी राहून पाण्याचा रंग बघत होती. तिचं खरं काम तेच. त्या लाल रंगाचा भरवसा नव्हता. ठरावीक वेळ तुडवला की मळ निघे. त्यापुढे झगा पाण्यात राहिला तर लाल सुटायला लागे आणि पांढऱ्या काठात शिरे. एकदा शिरला की ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही. पाणी जरासं गुलाबी दिसायला लागलं की काढायचा, हे तिच्या डोळ्यांवर होतं. वेळ होत आली होती. ती “चला” म्हणायला तोंड उघडणार एवढ्यात दार धाडकन उघडलं.

धाकटा वस्त्रपाल उंबऱ्यावर उभा होता. पळत आल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. आतल्या घराण्यातला पुरुष धुणीघराच्या दारात कधी कुणी पाहिला नव्हता.

“बाहेर या,” तो म्हणाला. “सगळ्या बाहेर या. हात लावू नका.”

“हात कुठे लावतोय,” चिमणी म्हणाली, “पाय लावतोय.”

“उतरवणी झालेली नाही!”

चिमणीचा एक पाय वर होता. तो तिनं तसाच धरून ठेवला.

मग त्यानं अडखळत सांगितलं ते असं. थोरल्यांची बोटं सकाळी थरथरत, गाठ मारता येत नसे. म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळीच दोरा बांधून ठेवला. शब्द सकाळी म्हणू, असा त्यांचा विचार. पहाटे छातीत कळ आली. सकाळी पुतण्यानं दोरा पाहिला आणि सगळं झालं असं गृहीत धरलं. दवाखान्यात खाटेवरच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: शब्द म्हणालास ना?

कुणी किंचाळलं नाही. सहाजणी हौदातून बाहेर कशा आल्या ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता येईना. भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, पायांवरून साबणाचं पाणी ओघळत होतं आणि ते पुसायची कुणाची हिंमत नव्हती. आपण कशावर नाचत होतो, हे एकेकीच्या चेहऱ्यावर उमटत गेलं.

“मी टाच रोवली,” चिमणी हळूच म्हणाली. “आक्का, मी मुद्दाम रोवली.”

आक्का तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे खिडकीखालची सून होती, आणि कधी न पाहिलेली, सासूच्या बोलण्यातली ती गाडी.

“मग म्हणा की ते शब्द आत्ता इथंच!” चिमणीला एकदम सुचलं. “म्हणून टाका. कोण ऐकतंय?”

“ते दिव्यासमोरच म्हणायचे असतात.”

“दिवा आणा.”

“दिवा इथं आणता येत नाही.”

“का?”

धाकट्यानं मान खाली घातली. “इथं तुम्ही आहात.”

हौदाच्या कडेनं पाण्यात गुलाबी रेघ दिसली. आक्कानं ती सगळ्यांच्या आधी पाहिली.

“साहेब, रंग सुटतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे आत्ता काढला नाही तर काठ लाल होईल. झगा जाईल.”

धाकट्यानं पायातले बूट काढले, बाह्या वर केल्या आणि हौदात उतरला. त्याला आयुष्यात कुणी ओली लोकर उचलायला लावली नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा एक बाही तेवढी वर आली आणि बाकीचा झगा, पाणी पिऊन फुगलेला, जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा ओढलं. पाय घसरला आणि तो गुडघ्यांवर बसला. गुलाबी रेघ रुंद झाली. भिंतीशी सहाजणी, हौदात तो एकटा.

“काढा,” तो शेवटी म्हणाला.

आक्का जागची हलली नाही. “कसा म्हणून काढू?” तिनं विचारलं. “उतरवलेला म्हणून काढू, की आहे तसा?”

त्यानं एकदा झग्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“आहे तसा,” तो म्हणाला आणि बाजूला सरला.

सहाजणी पुन्हा हौदात उतरल्या. आक्का सातवी. एरवी झगा पाण्यातच गुंडाळी करून, गाठोडं ओढावं तसा ओढून काढत. आज त्याला मुरडायला कुणाचा हात धजेना. न ठरवताच त्या काठाभोवती पसरल्या, जिला जिथे जागा मिळाली तिथे. आक्कानं पाण्यात हात घातला, बोटं लोकरीला लागणार तेव्हा डोळे मिटून घेतले. चटका बसेल, हात गळून पडेल, निदान एक कळ दंडापर्यंत जाईल, अशी तिची खात्री होती. लहानपणापासून तेच ऐकलेलं.

तसं काही झालं नाही. लोकर तिच्या तळहाताला लागली. वर्षानुवर्षं लागत होती तशीच, मऊ आणि कोमट. तिच्या हातापासून ती मागे सरली नाही.

तिनं डोळे उघडले. कुणी “उचला” म्हटलं नाही, तरी सगळ्यांनी एकदमच उचलला. झगा पाण्यातून सपाट वर आला, पूर्ण उघडा, आणि त्याच्यातून पाणी धारांनी हौदात परत पडायला लागलं. खोलीत तेवढाच आवाज होता. आक्कानं हा झगा जन्मभर तुकड्यातुकड्यांत पाहिला होता: मेणाचा डाग, उसवलेला काठ, चुरगळलेली बाही. अख्खा तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. आज तो तिच्यासमोर पसरला होता, दोन माणसं झोपतील एवढा, आणि झरोक्यातलं ऊन वरून थेट त्याच्यावर पडलं होतं. काठावरचे सोनेरी दिवे ओले होते. त्यांनी ते ऊन घेतलं आणि एकामागून एक पेटत गेले. प्रत्येकीच्या मुठीशी एक दिवा होता. आक्काच्या मुठीशी होता. चिमणीच्या होता. ज्यांच्या पूर्वजानं फुंकर घातली असं म्हणत, त्यांच्या हातांत ते सगळे जळत होते. एकही विझला नाही.

वजन होतं. दरवर्षीइतकंच होतं. पण आक्काला वाटलं की आपण हे उचललेलं नाही, याने आपल्याला उचलू दिलं आहे. मघा पायांखाली होतं तेव्हाही हे असंच होतं. टाचा सोसत होतं, चेष्टा ऐकत होतं. आणि आत्ताच काय, ती या घरात आली त्या पहिल्या वर्षीही कदाचित असंच असेल, दोरा असो की नसो. शेजारी चिमणी रडत होती. हात मोकळे नव्हते, म्हणून तोंड न लपवता, सरळ समोर बघत.

त्यांनी तो तसाच धरून दुसऱ्या हौदातल्या स्वच्छ पाण्यातून फिरवला आणि वाळवायच्या लाकडी चौकटीवर पसरला. काठ पांढराच राहिला होता. काम झालं तरी कुणी हात झटकले नाहीत. धाकटा वस्त्रपाल भिजलेल्या कपड्यांनिशी पायरीवर बसून होता. तो उठला आणि बूट हातात घेऊन दाराकडे निघाला.

“कुठे?” आक्कानं विचारलं.

“धर्मगुरूंकडे. सांगायला हवं.”

“हवंच का?”

“मला खोटं बोलता येत नाही, आक्का.”

तो गेल्यावर एक जण म्हणाली, “येत नाही म्हणे. शिकला कशाला मग?” कुणी हसलं नाही.

आक्का घरी गेली. सून खिडकीखाली बसून बाळाची दुपटी शिवत होती. आक्कानं चूल पाहिली, पाणी पाहिलं, मग फडताळातली दोन पातेली आणि एक घोंगडी काढून चादरीत बांधायला लागली.

“कुठे निघालोय, आत्याबाई?” सुनेनं विचारलं.

“कुठे नाही. असू दे हाताशी.”

“घोंगडी हाताशी? या उन्हात?”

“तू दुपटं शिव.”

“तुम्ही हात का असे धरलेत?”

आक्कानं पाहिलं. तिनं दोन्ही तळवे वरच्या बाजूला उघडे धरले होते, काही तरी सांडू नये म्हणून धरावेत तसे. गाठ मारताना ती मनगटांनी मारत होती. “साबणानं आग होतेय,” ती म्हणाली.

दुपार कलता कलता बोलावणं आलं. वस्त्रघराच्या मागच्या दाराशी, खालच्या पायरीवर तिला उभं केलं. वरच्या पायरीवर खुर्ची टाकून धर्मगुरू बसले होते. थकलेला, गोरापान, सौम्य म्हातारा. घरातल्या जुन्या शालीत गुंडाळलेला असल्यामुळे तो कुणाचाही आजोबा वाटला असता. धाकटा वस्त्रपाल त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. कपडे बदलून आला होता, चेहरा तोच होता.

“यानं मला सगळं सांगितलं,” धर्मगुरू म्हणाले. “तुला वाटतं तितका मी कठोर नाही, बाई. झगा जाळावा अशी माझी इच्छा नाही. नवा विणायला वर्षं लागतात, आणि माझ्याकडे तितकी नाहीत.” ते थोडंसं हसले. “तुम्हा लोकांना बाहेर काढण्याचीही हौस नाही. पण ग्रंथ आहे. ग्रंथ म्हणतो, अशुद्ध हातानं पवित्र वस्तू शिवली तर त्या हाताला कळतं. कळल्याशिवाय राहत नाही. म्हणजे तुझ्या हाताला जर काहीच कळलं नसेल, तर पावित्र्य त्यात नव्हतंच. दोरा बांधला तेव्हाच उतरलं. शब्द राहिले, ते राहिले. समजतंय?”

“समजतंय.”

“हा म्हणतो, झगा वर काढताना तुम्ही सगळ्या गप्प झालात. एक रडली. म्हणून विचारतो. नीट आठवून सांग. काही कळलं का?”

दार उघडं होतं. धर्मगुरूंच्या खांद्यावरून आक्काला आतलं प्रार्थनागृह दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा. उंच पांढऱ्या भिंती, चकचकीत बाकं, आणि दूर टोकाला तो दिवा, एवढासा, पिवळा. तो पाहून अंगावर काटा येईल अशी तिची कल्पना होती. काटा आला नाही. सकाळी पाहिलं ते याहून मोठं होतं.

आणि तेच सांगायचं नव्हतं. ‘हो’ म्हणावं तर जे आजवर तिच्या लोकांत कुणालाही म्हणता आलं नव्हतं ते ती म्हणणार होती: आमच्या हातांना कळतं. कळलं. मग झगा जळणार, आणि सुनेचं बाळंतपण रस्त्याच्या कडेला. ‘नाही’ म्हणावं तर सात घरांची छपरं राहणार, आणि त्याबरोबर काजळ्यांचे हात दगडाचे असतात हेही तसंच राहणार, तिच्याच तोंडानं पक्कं झालेलं.

“नाही,” आक्का म्हणाली.

“काहीच नाही?”

“ओलं होतं. जड होतं. रंग सुटेल म्हणून घाई होती.”

“आणि ती रडणारी?”

“तिचा नवरा मारतो तिला. ती रोजच कुठे ना कुठे रडते.”

चिमणीचा नवरा तिला मारायचा नाही. चिमणीपुढे त्याचं काही चालतच नसे.

धर्मगुरूंनी मोठा सुस्कारा सोडला. खुर्चीत ते जरा सैल बसले. “मग झालं. दोऱ्यानंच उतरतं. शब्द फक्त साक्षीला असतात,” ते म्हणाले, आणि मागे न बघता धाकट्याला म्हणाले, “हे लिहून ठेव. पुढच्यांना उपयोगी पडेल. जा बाई, काम कर आपलं.”

ती गल्लीत वळली तेव्हा मागून पावलं वाजली.

“आक्का.” धाकटा मागे येऊन थांबला होता. “तुम्ही खोटं बोललात.”

“हो.”

“मी तिथे होतो. मी तुमचा चेहरा पाहिला. मला… मला स्वतःला आजवर दिव्यासमोर कधी तसं झालं नाही. आणि तुम्ही सरळ नाही म्हणालात. त्यांनी विचारलं होतं! एकदा तरी कुणी विचारलं होतं!”

“साहेब, तुमचं घर कुणाचं?”

“म्हणजे?”

“दगडी घर. कुणाच्या नावावर आहे?”

“आजोबांच्या. आता वडिलांच्या.”

“म्हणून तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” आक्का म्हणाली. रागानं नाही, पोराला समजावून सांगावं तसं. “माझ्या सुनेचे दिवस भरलेत. मीही खरं बोलेन. छप्पर माझं झालं की त्याच दिवशी.”

तिला वाटलं, हा आता परत फिरून आत जाईल आणि सगळं उलटवेल. तसा माणूस होता तो. तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले, जे ती एरवी कधी करत नसे, आणि तशीच उभी राहिली. शेवटी त्यानं नजर काढून घेतली.

“त्यांनी मला काय कळलं ते विचारलं नाही,” तो म्हणाला. “विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

“तुम्हाला कशाला विचारतील? तुमच्या हातांची शंका कुणाला आहे?”

धुणीघराच्या दारात सहाजणी उभ्या होत्या. आक्काला येताना पाहून चिमणी पुढे धावली, मग मधेच थबकली.

“राहतोय,” आक्का म्हणाली.

चिमणीनं पदरानं तोंड पुसलं. “काय विचारलं त्यांनी?”

“हाताला काही कळलं का म्हणून.”

“मग तुम्ही?”

“नाही म्हटलं.”

मग चिमणी म्हणाली, “बरं केलंत.” आणि थोड्या वेळानं, जरा घाबरत, “पण कळलं होतं ना आक्का? मला एकटीलाच नाही ना?”

आक्कानं सहाजणींकडे एकेक करून पाहिलं. उत्तर द्यायची गरज उरली नव्हती. “इस्त्री तापवा,” ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सून बाळंत झाली, खिडकीखालीच. मुलगी झाली. सुईण हात पुसत म्हणाली, रंग अगदी आजीचा घेतलाय.

प्रार्थनागृहात नंतर फारसं काही बदललं नाही. उतरवणीचे शब्द हळूहळू गळाले आणि नुसता दोरा बांधायची पद्धत पडली. थोरले वस्त्रपाल दवाखान्यातून परत आले नाहीत. धाकट्यानं ती जागा घेतली, आणि दरवर्षी झग्याची फळी तो स्वतः मागच्या दाराशी आणून ठेवू लागला. मजुरी अर्धी रोख, अर्धी पुण्यात, हे तसंच चालू राहिलं.

बदललं ते धुणीघरात, आणि तेही वर्षातल्या एकाच सकाळी. झगा हौदात उतरला की तिथे कुणी बोलत नाही. टाच रोवत नाही. आणि वर काढताना त्याची गुंडाळी करत नाहीत. काठाभोवती उभं राहून, उघडाच उचलतात. गुंडाळी करून ओढणं किती तरी सोपं, हे कुणीही सांगेल. असं करा, असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही, आणि ग्रंथात तर त्याचा उल्लेख असायचं कारणच नाही.

मुलगी रांगायला लागल्यावर आक्काची सून कामावर यायला लागली. पहिल्याच वर्षी ती हौदात उतरली, इतरांसारखी काठ धरून उभी राहिली, आणि सगळ्यांनी एकदम उचलला. झरोक्यातून ऊन आलं. सुनेनं समोर पाहिलं आणि तिच्या तोंडून नकळत आवाज निघाला. मग ती सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिली.

“आत्याबाई,” ती अगदी हळू म्हणाली, “हे काय आहे?”

“धरून ठेव,” आक्का म्हणाली.